समोरचा शत्रू दर वेळी मरतो : लांबून इआइदो शिकण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत राहणारा २४ वर्षांचा तरुण, जपानी भाषेच्या सुरुवातीच्या परीक्षा दिलेला, चार महिन्यांपासून लाकडी तलवार घेऊन व्हिडिओ बघून इआइदोचा, म्हणजे तलवार म्यानातून काढतानाच वार करायच्या जपानी विद्येचा, सराव करतोय. जवळपास दोजो, म्हणजे ही विद्या शिकवणारी तालीम, नाही. जपानमधल्या एका सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, त्याला ‘व्हिडिओ पाठवत जा, बघेन’ असं कळवलं आहे. एकट्याने आणि इतक्या लांबून ही विद्या येईल का, रोज काय करावं, खरी तलवार कधी घ्यावी, असं तो विचारतो. शेवटी लिहितो, ‘एकलव्य शिकलाच ना?’

एकलव्यापासूनच सुरू करू, कारण हा दाखला मला दर वर्षी कुणी ना कुणी देतंच. पुतळा काही बोलला नसेल, पण एकलव्यासमोर लक्ष्य होतं. बाण लागला तर लागला, नाहीतर झुडपात गेला. म्हणजे दिवसातून शंभर वेळा त्याला कुणीतरी ‘चुकलास’ असं सांगत होतं, आणि ते सांगणाऱ्याला त्याची भीडभाड नव्हती. इआइदोत तुमच्यासमोर काय असतं? मोकळी जागा. तिथे एक शत्रू बसलाय असं धरून चालायचं, त्याच्या आधी तलवार म्यानातून काढत काढतच पहिला वार करायचा, दुसऱ्या वाराने त्याला संपवायचं, रक्त झटकायचं आणि तलवार पुन्हा म्यानात घालायची. या शत्रूला जपानीत ‘कासो तेकी’ म्हणतात, कल्पनेतला शत्रू. एकट्याने सराव करताना हा शत्रू दर वेळी मरतो. वार दोन वीत वरून गेला तरी मरतो, उशिरा गेला तरी मरतो, तलवार आडवी फिरून धारेऐवजी बाजूने लागली असती तरीही मरतो. इतका समजूतदार शत्रू जगात दुसरा नसेल. लांबून शिकण्यातली खरी अडचण हीच आहे. अंतर, भाषा, पैसा या गोष्टी त्यानंतर येतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर दोन भागांत आहे. एकट्याने सराव करता येतो, किंबहुना इआइदोत बहुतेक सराव एकट्यानेच होतो. जपानातही दोजोत वीस जण असले तरी प्रत्येक जण आपापल्या शत्रूशी लढत असतो. ‘हितोरी-गेइको’, म्हणजे एकट्याचा सराव, याला तिथे कुणी कमी लेखत नाही. पण एकट्याने शिकता येत नाही. हातात आधी कुणीतरी काही दिलेलं असावं लागतं, मग ते घरी घोटायचं. आपल्याकडे पाटीवर अक्षर गिरवताना कित्ता आधी गुरुजींनी काढून दिलेला असायचा. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, हा तसाच कित्ता. चार महिने व्हिडिओ बघून तुम्ही स्वतःच कित्ता काढलात आणि स्वतःच गिरवलात. राग मानू नका, मीही तेच केलं आहे, आणि तेही तीन वर्षं चांगल्या दोजोत शिकून आल्यावर.

नोकरीनिमित्त मी जपानात होतो. तिथे मुसो जिकिदेन एइशिन-ऱ्यू या परंपरेच्या एका छोट्या दोजोत आठवड्यातून दोनदा जायचो. पुण्याला परतलो तेव्हा सेन्सेईंनी एवढंच सांगितलं होतं की ‘माए’ सोडू नकोस, बाकीचं विसरलास तरी चालेल. माए हा पहिला काता, समोर बसलेल्या शत्रूसाठीचा. मी बाकीचंही काही विसरलो नाही. रोज पहाटे फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा सरकवून पाऊण तास सराव करायचो आणि मनातून स्वतःवर खूश असायचो. चौदा महिन्यांनी रजा काढून गेलो, उभ्याने करायचा एक काता दाखवला. सेन्सेईंनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, ‘तुझ्या घरात छताला काय आहे?’

छताला पंखा होता. माझी उंची बेताची, तरीही तलवार डोक्यावर घेऊन खाली आणताना तिचं टोक जवळजवळ पावणेतीन मीटरपर्यंत जातं. आपल्या फ्लॅटची उंची तेवढीच, त्यात पंखा हातभर खाली लोंबतो. मला वाटायचं, मी पंखा टाळून कडेला उभा राहतो. शरीराने मात्र चौदा महिने गुपचूप कोपरं आखडून घेतली होती. वार लहान झाला होता, खांदे वर चढले होते, आणि ही खोड उघड्या मैदानात, पंचवीस फूट उंच छताच्या दोजोतही माझ्याबरोबर आली होती. ती काढायला आठ महिने लागले. यातला एकही दिवस मला स्वतःहून शंका आली नव्हती, कारण माझा शत्रू नेहमीप्रमाणे मरत होता.

आता दुसरी बाजू. लांबून शिकणं ही इंटरनेटच्या काळातली पळवाट आहे असं काही जुने लोक म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही, कारण खुद्द एइशिन-ऱ्यूचा इतिहास लांबच्या शिक्षणाचा आहे. परंपरेनुसार हायाशिझाकी जिन्सुके हा सोळाव्या शतकातला मूळ पुरुष देवा प्रांतातला, म्हणजे आजच्या यामागाता भागातला, उत्तरेकडचा. सातवे प्रमुख हासेगावा एइशिन. त्यांच्यावरून शाखेचं नाव पडलं. नववे प्रमुख हायाशी रोकुदायू हे दक्षिणेला शिकोकू बेटावरच्या तोसा संस्थानातले सामुराई. ते एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, शिकले आणि विद्या तोसात घेऊन गेले. पुढची दोनशे वर्षं ही परंपरा मुख्यतः तोसातच टिकली. सतराव्या पिढीतल्या ओए मासामिची यांनी (१८५२ ते १९२७) तिची घडी नव्याने बसवली. आज आपण जे शिकतो, ते बरंचसं त्यांनी लावलेल्या क्रमाने.

हे एदो आणि तोसा कसं जमत होतं? ‘सांकिन-कोताइ’ नावाची पद्धत होती. तोकुगावा शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, १६३५ साली ती सक्तीची केली. प्रत्येक दाइम्योने, म्हणजे संस्थानाच्या सरदाराने, आलटून पालटून एक वर्ष एदोत आणि एक वर्ष स्वतःच्या मुलखात राहायचं. सोबत शेकडो सामुराई जायचे. हेतू राजकीय होता, सरदारांना खर्चात आणि प्रवासात गुंतवून ठेवण्याचा, पण त्याचा परिणाम असा झाला की गावाकडचा सामुराई राजधानीतल्या गुरूकडे वर्षभर शिकायचा आणि मग महिनोन्महिने गावी एकटाच घोटायचा. पुन्हा गेला की गुरू तपासायचा. तुम्हाला जे करायचंय, त्याचा आराखडा हाच आहे. फक्त त्यात एदोचं वर्ष होतं, हे विसरू नका. गुरूसमोरच्या त्या वर्षाशिवाय नुसती गावाकडची वर्षं पुरत नाहीत.

सगळ्याच जपानी युद्धकला अशा लांबून जमतात असंही नाही. ज्युदो, जुजुत्सु, आइकिदो यांचा तर विचारच सोडा. दुसऱ्याचं वजन अंगावर आल्याशिवाय त्यात शिकण्यासारखं काही उरतच नाही, आणि पडायला चुकीचं शिकलात तर खांदा जातो. कराटेचे काता होतील, लढत होणार नाही. शिंतो मुसो-ऱ्यूच्या जो-काठीचा मामला मधला आहे. काठी १२८ सेंटिमीटरची, आणि तिचे बारा मूळ हात आधी एकट्याने, मग जोडीदारासमोर, असे दोन्ही प्रकारे करायची पद्धत आहे. म्हणजे निम्मं काम घरी होतं. कातोरी शिंतो-ऱ्यू ही चिबातल्या कातोरी देवस्थानाजवळची, पंधराव्या शतकापासून चालत आलेली परंपरा. तिथे प्रवेशालाच बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घ्यायची रीत आहे आणि जवळजवळ सगळे काता जोडीने होतात. ती व्हिडिओवर मागू नका, मागणंच चुकीचं दिसतं. या सगळ्यांत इआइ तुमच्या परिस्थितीला सगळ्यात सोयीची, म्हणून निवड बरोबर आहे. आणि नेमकी म्हणूनच फसवीही आहे.

एइशिन-ऱ्यूमध्येही जोडीचे काता आहेत, ‘ताचिउचि नो कुराइ’ वगैरे. समोर माणूस लाकडी तलवार घेऊन उभा राहिला की अंतर म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळतं. हे लांबून शिकवता येत नाही आणि कुणी शिकवतो म्हणाला तर मी त्याच्यापासून दूर राहीन. व्हिडिओ कॉलवर आवाज-चित्र अर्धा सेकंद मागे असतं. तलवारीच्या कामात अर्धा सेकंद म्हणजे एक अख्खा माणूस.

पण घरच्या घरी शत्रूला थोडं शरीर देता येतं. पंख्याच्या प्रकरणानंतर मी बायकोला समोर वज्रासनात बसवलं, योग्य अंतरावर, हातात लाकडी तलवार आणि अगदी सावकाश. माएचा पहिला आडवा वार शत्रूच्या कानशिलाच्या उंचीवर जायला हवा. मी वार केला. ती म्हणाली, ‘तू माझ्या डोक्यावरून काहीतरी फिरवलंस. मी मेले कुठे?’ पाच वर्षांच्या सरावात मला एवढी स्वच्छ दुरुस्ती क्वचितच मिळाली होती. तिला इआइदो येत नाही, येण्याची गरजही नाही. घरात भाऊ, मित्र, कुणीही असेल त्याला महिन्यातून दोनदा समोर बसवा. टोक त्याच्यापासून हातभर लांब राहील अशा अंतरावर, लाकूड, सावकाश, आणि फक्त उंची आणि दिशा तपासायची. धातूची तलवार हातात घेऊन हा खेळ कधीही नको.

रोज काय करावं? माझा आग्रह असा की पहिलं वर्ष तुम्ही लाजिरवाणं वाटेल इतकं थोडं करा. बसणं, उठणं, रेइ म्हणजे नमस्काराचा विधी, सुबुरी म्हणजे नुसते हवेतले वार, आणि एकटा माए. बस्स. एइशिन-ऱ्यूच्या पहिल्या गटात अकरा काता आहेत, अखिल जपान केंदो महासंघाच्या सर्वमान्य संचात बारा (१९६९ साली सात होते, १९८० मध्ये तीन आणि २००० मध्ये दोन वाढले). व्हिडिओ बघून तुम्ही बहुधा त्यातले आठ-दहा ‘पाठ’ केले असतील. ते बाजूला ठेवा. लांबून शिकताना प्रत्येक नवा काता म्हणजे तपासायला लागणाऱ्या चुकांचा आणखी एक ढीग, आणि तपासणारा एकच माणूस आहे, तोही साडेतीन तास पुढच्या घड्याळावर.

बसणं म्हणजे सेइझा. आपल्याला वज्रासनाची सवय असते, ती कामी येते, मांडीची येत नाही. दोन गुडघ्यांत दोन मुठींएवढं अंतर, पायांचे अंगठे एकमेकांना टेकलेले, कंबर वर खेचलेली. खरी परीक्षा बसण्यात नाही, उठताना आहे. उजवा पाय पुढे टाकत, पाठ सरळ ठेवत, त्याच वेळी तलवार निघते. आपल्या घरातली फरशी, कोटा असो की गुळगुळीत टाइल, गुडघ्यांची वैरी आहे. जपानी दोजोची जमीन लाकडी असते, ती थोडी दबते. पँटच्या आत गुडघ्याचे पॅड घाला, त्यात कमीपणा काही नाही. जपानातले साठीचे लोकही घालतात. एका बैठकीत बसलेल्या स्थितीतले दहा-पंधराच काता करा. गुडघा एकदा धरला की महिना जातो. एक पाय उभा दुमडून बसायचा ‘ताते-हिझा’ प्रकार मात्र समोर शिकवणारा असल्याशिवाय सुरूच करू नका.

वेळ रोज चाळीस मिनिटं. रविवारी तीन तास करून आठवडाभर काही नाही, याचा उपयोग शून्य, उलट रविवारच्या थकलेल्या तिसऱ्या तासात खोडी बसतात. थकल्यावर केलेली पुनरावृत्ती ही चुकीची तालीम असते. गाणं शिकणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. गळा बसल्यावर कुणी रियाज करत नाही. आणि त्यांच्याकडे तानपुरा असतो. स्वर हलला की कान सांगतो. आपल्याला तानपुऱ्याच्या जागी काय लावता येईल, याचा मी बरीच वर्षं शोध घेतला. काही गोष्टी उपयोगी पडल्या.

फरशीच्या सांध्याची रेघ. तिच्यावर उभे राहा, उभा वार करा, मग थांबून बघा, टोक रेघेवर आहे का. उजव्या हाताची माणसं जवळजवळ हमखास डावीकडे जातात, कारण उजवा हात ढकलतो. सकाळची सावली ही दुसरी. गच्चीवर सूर्य पाठीशी घेतलात तर कोपरं आखडली की सावली लगेच दाखवते. मला ही आयडिया पंख्याच्या आधी सुचायला हवी होती. तिसरी गोष्ट वही. एका वेळी एकच दुरुस्ती, सेन्सेईंच्या शब्दांत, जपानीतच लिहायची. मराठीत उतरवलीत की ती तुमची होते आणि वाकते.

आवाजावर मात्र विश्वास ठेवू नका. पुढे तुम्ही सरावाची तलवार घ्याल, तिच्या पात्याला बहुधा पन्हळ असेल आणि वार सरळ गेला की ‘सूंऽऽ’ असा आवाज येईल. धारेची रेषा बरोबर असल्याची ती खूण आहे हे खरं. पण एकटा माणूस हळूहळू त्या आवाजासाठी तलवार चालवायला लागतो. मनगट झटकलं की आवाज मोठा येतो, कापणं मात्र होत नाही. एका मुलाचा व्हिडिओ मला कुणीतरी दाखवला होता. डोळे मिटून ऐकलं तर निष्णात माणूस वाटावा!

इथे जाता जाता एक गोष्ट सांगतो, तुम्ही सांगलीचे म्हणून. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात चांगला हात असलेला एक मुलगा काही महिने माझ्याकडे यायचा. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या खोबळ्यात बंद असते, मनगट त्यात हलतच नाही, वार खांद्यातून आणि अंगाच्या फिरकीतून येतो, आणि एका वारातून पुढचा निघतो, थांबत नाही. इआइत डावा हात मालक, उजवा पाहुणा, आणि प्रत्येक वार जागच्या जागी थांबतो. त्या मुलाची नजर, पाय, धिटाई, सगळं माझ्यापेक्षा सरस होतं. पण हातात तलवार आली की दांडपट्टा निघायचा, आणि त्याला ते कळायचं नाही. तुम्ही लाठी किंवा पट्टा खेळला असाल तर सेन्सेईंना पहिल्याच पत्रात सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि तुमच्या अर्ध्या चुकांचं मूळ त्यांना आधीच समजेल.

आता व्हिडिओ. यावर लोक फार कमी विचार करतात. मोबाइल कमरेच्या उंचीवर, निदान चार मीटर लांब ठेवा. जवळून रुंद कोनात काढलं तर तलवारीचं टोक वाकडं आणि लांब दिसतं, मग सेन्सेई नसलेली चूक दुरुस्त करतात. एकदा समोरून, एकदा उजवीकडून, आणि एकदा डावीकडून. डावी बाजू सगळे विसरतात. म्यान डाव्या हातात असतं, आणि तलवार निघते ती निम्मी उजव्या हाताने पुढे काढल्याने आणि निम्मी डाव्या हाताने म्यान मागे खेचल्याने, ज्याला ‘साया-बिकी’ म्हणतात. एकट्याने सराव करणाऱ्याचा डावा हात सगळ्यात आधी आळशी होतो आणि तो कॅमेऱ्यात दिसतच नाही. पाय दिसले पाहिजेत, टोक चौकटीबाहेर जाता कामा नये, स्लो मोशन नको, संगीत तर नकोच नको.

आणि पहिलाच प्रयत्न पाठवा. सकाळी अंग गरम न करता केलेला पहिला माए, जसाच्या तसा. आपण बारा वेळा करून त्यातला गोंडस निवडतो, सेन्सेई त्या गोंडसाची दुरुस्ती करतात, आणि बाकीचे अकरा तसेच राहतात. पंधरा दिवसांतून एक व्हिडिओ पुरे. उत्तर एका ओळीचं येईल, कदाचित ‘डावा हात’ एवढंच. त्यावर ‘म्हणजे नेमकं काय?’ असा उलट प्रश्न लगेच पाठवू नका. पंधरा दिवस डाव्या हाताकडे बघा. मला एकदा एका शब्दाचं उत्तर आलं होतं आणि ते समजायला उन्हाळा संपला. फोनवर विचारलं असतं तर समजल्यासारखं वाटलं असतं.

सेन्सेईंनी ‘बघेन’ म्हटलंय, याचं मोल तुम्हाला कळलंय असं प्रश्नावरून वाटतं, तरी दोन शब्द. जपानात जुन्या परंपरांत शिरायला ओळखीच्या माणसाचं पत्र लागतं, अनोळख्याला दार सहज उघडत नाही. त्यांनी उघडलंय तर ‘गेश्शा’, म्हणजे महिन्याची गुरुदक्षिणा, किती आणि कशी द्यायची हे तुम्हीच विचारा. ते स्वतः काढणार नाहीत. त्यांचा शिकवण्याचा व्हिडिओ कुठेही टाकू नका, स्वतःचाही त्यांना विचारल्याशिवाय नको. नव्या वर्षाचं कार्ड १ जानेवारीला पोहोचेल असं पाठवा. आणि त्यांनी एक सांगितल्यावर ‘पण अमुक व्हिडिओत असं दाखवलंय’ हे वाक्य तोंडातून काढू नका. दुसऱ्या शाखेत खरोखरच वेगळं असतं. नाकायामा हाकुदो यांच्यापासून आलेली मुसो शिंदेन-ऱ्यू आणि आपली एइशिन-ऱ्यू यांचं मूळ एकच, तरी त्याच काताची तलवार म्यानात परत जाते ती वेगळ्या रीतीने. दोन्ही बरोबर. पण दोन गुरूंचं मिसळून तुम्ही जे बनवाल ते कुणाचंच नसेल.

भेट कधी? माझं मत: पहिल्या वर्षाच्या आतच एकदा, निदान दोन आठवडे. त्यानंतर दीड वर्षापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. माझे चौदा महिने म्हणजे पंख्याची गोष्ट, तेव्हा दीड वर्षही उदारपणे सांगतोय. विमानाचं तिकीट महाग आहे हे मलाही ठाऊक आहे. चांगली तलवार, हाकामा (सरावाचा घोळदार पायजमा), पुस्तकं यांवर जे घालवाल ते सगळं आधी तिकिटात घाला. जपानला जमलं नाही तर त्याच परंपरेचे वरिष्ठ विद्यार्थी जवळच्या कुठल्या देशात आहेत का ते सेन्सेईंना विचारा आणि तिकडे जा, पण त्यांच्या परवानगीनेच. मोठ्या शहरात केंदोचा, म्हणजे बांबूच्या तलवारींनी समोरासमोर लढण्याचा, एखादा गट सापडला तर महिन्यातून एकदा तिथे जाऊन मार खाऊन या. इआइ वेगळी, केंदो वेगळं, पण समोरचा माणूस तिथे मरायला तयार नसतो, आणि त्याची तुम्हाला फार गरज आहे.

दर्जाचं, म्हणजे दानचं विचारलं नाहीत ते बरं झालं. महासंघाच्या परीक्षा समोरासमोरच होतात, सहा मिनिटांत पाच काता, आणि पहिल्यानंतर दुसऱ्या दानला वर्ष, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन अशी सक्तीची वाट बघायला लावतात. व्हिडिओवर दान देणारी मंडळी जगात आहेत. त्यांच्याकडून फक्त कागद मिळतो.

राहता राहिली तलवार. खरी, धारेची, तुम्हाला निदान काही वर्षं लागणार नाही, कदाचित कधीच नाही. सरावासाठी ‘इआइतो’ असते, जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार न लावता येणारी, वजन ८०० ग्रॅमपासून किलोपर्यंत. लांबी उंचीवर ठरते. पात्याची सर्वसाधारण लांबी जपानी मापात २ शाकू ४ सुन ५ बु, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर, पण ती तुमच्यासाठी योग्य की नाही हे सेन्सेईंनी तुम्हाला समोर उभं करून ठरवायचं. पहिल्या भेटीआधी मागवू नका. चुकीच्या लांबीची तलवार तुमचा काता स्वतःच्या मापाने बदलते, पंख्यासारखीच. तोवर लाकडी तलवार आणि तिचं प्लास्टिकचं म्यान पुरेसं आहे.

धार नसली तरी टोक टोचतं, आणि रस्त्यावरच्या हवालदाराला ती तलवारच दिसते. शस्त्र अधिनियम १९५९ आहेच, शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली गावोगाव अधूनमधून मनाईहुकूम लागतात, त्यात तलवारीच काय, लाठ्याही येतात. कस्टम्सलाही अडकू शकते. मागवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन काय करतो, कशासाठी, हे नीट सांगा. सराव घरात किंवा भिंतीआड. मी स्वतः लाकडी तलवारसुद्धा कापडी पिशवीत, तोंड बांधून नेतो.

इआइतो आली की रोज काढण्याआधी मुठीतली मेकुगी तपासा. ती बांबूची छोटी खुंटी असते, पातं मुठीत तिच्यावरच अडकलेलं असतं. दोजोत कुणीतरी बघून ओरडतं, घरी कुणी ओरडणार नाही. पुसायला मऊ कापड, घामाचा हात लागला तर लगेच पुसून तेलाचा नुसता हात फिरवा. घाम मिश्रधातूलाही खातो. म्यान होनोकी या हलक्या लाकडाचं असतं. आपल्याकडे जुलैत ते ओल धरून फुगतं आणि तलवार तोंडाशी अडकते, मेमध्ये इतकं सैल होतं की वाकलं तर तलवार आपणहून घसरते. मी म्यानाच्या तोंडाच्या आत उन्हाळ्यात पातळ लाकडी कपची चिकटवतो आणि मृगाच्या आसपास काढतो. पाऊस फारच लागला तर तलवार कपाटात, आणि सप्टेंबरपर्यंत लाकडीच.